काठावरची नावं

भाचा नांदेडला आला तो भर उन्हाळ्यात, दुपारच्या एसटीने. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो बाजूला ठेवून त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि विचारलं, "आत्या, अप्पांच्या आईचं नाव काय?"

अप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या पणजीला मी पाहिलेलं नाही, पण तिच्याबद्दल ऐकलेलं पुष्कळ. ती उंच होती. तिची भाकरी परातीएवढी होई. मानमोडीच्या साथीत ती गेली तेव्हा अप्पा दहा वर्षांचे होते. हे सगळं मला मोठीमायने, माझ्या आजीने सांगितलेलं, आणि तिनेही ते ऐकूनच सांगितलेलं, कारण सासूचं तोंड तिनेही कधी पाहिलं नव्हतं. मी भाच्याला म्हटलं, "हाळीवाली." तो म्हणाला, "ते गाव झालं आत्या. नाव?"

नाव मला सांगता आलं नाही. मोठीमायला विचारावं तर ती १९९६ साली गेली. अण्णांना, माझ्या वडिलांना विचारावं तर ते १९९८ साली गेले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, याची त्या दुपारी फार लाज वाटली. हे पुस्तक त्या प्रश्नातून उभं राहिलं. प्रस्तावना मीच लिहावी असा भाच्याने हट्ट धरला, तोही त्या दुपारमुळेच.

पुस्तक अहमदपूरच्या एका घराचं आहे. घर लिंगायत, किराणा दुकानाचं, थोड्या कोरडवाहू जमिनीचं. या घरात कुणी आमदार झालं नाही, कुणाचा पुतळा नाही, कुणाच्या नावाने रस्ता नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या घरात जी माणसं जन्मली, नांदायला आली आणि गेली, त्यांतली जेवढी हाती लागली तेवढी इथे एकेका पानावर आहेत. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे प्रस्तावनेत मी कुणाचं नाव घेत नाही. नावं आत आहेत, जिथे ती असायला हवीत.

शोधाची सुरुवात आठवणींपासून झाली नाही, कागदापासून झाली. भाच्याच्या मुलीला जात पडताळणी करायची होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो शोधायला त्याने माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. त्याच सुमारास मराठवाड्यात घरोघरी अशा ट्रंका उघडल्या जात होत्या. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, आणि खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, मोडी, फारसी, उर्दू हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. आपला पणजोबा कोण होता हे शोधण्याची इतकी घाई या मुलखाला याआधी कधी झाली नसेल. पण पणजी कोण होती हे कुठल्याच कार्यालयाला नको होतं. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तिला जागाच नसते. खापर पणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार, अशी ती शिडी सरळ खाली येते.

या घराचे कागद शोधणं सोपं नव्हतं. घर जागेवरच राहिलं, जिल्हे बदलत गेले. जुनी माणसं अहमदपूरला राजूर म्हणत. निजामाच्या काळी हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, जोडले गेले. १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. त्याच ओसरीत बसून माझ्या अण्णांनी तीन जिल्ह्यांचे पत्ते लिहिले. त्यामुळे एक कागद बिदरला असेल म्हणतात, एक धाराशिवला, एक हैदराबादच्या दफ्तरात. १९६९ च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात १९७० पासून, जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली. त्याआधी गेलेल्या माणसांच्या मरणाचा दाखला आमच्याकडे एकही नाही.

दाखला नव्हता म्हणून आठवण नव्हती असं मात्र नाही. घरातल्या म्हाताऱ्यांचं स्वतःचं पंचांग होतं. अमका मानमोडीत गेला. तमकी रझाकाराच्या साली. धाकटा दुष्काळात. आत्या भूकंपाच्या पहाटे. आता आमच्या पिढीची माणसं कोरोनात गेलेल्यांचं तसंच सांगतात. भाच्याने वहीत पहिल्यांदा हेच लिहून घेतलं आणि मग इतिहासाची पुस्तकं समोर ठेवून एकेका मरणाला साल लावलं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं गेली. त्या कोटीतली एक आमची हाळीवाली. घराच्या आठवणीत त्या साथीचा आकडा नाही. आठवणीत आहे ते एवढंच, की चूल दोन दिवस पेटली नाही आणि अप्पांनी शेजारच्या घरात जाऊन भाकरी मागितली.

अप्पांची शाळेतली नोंद सापडली, ती उर्दूत. निजामाच्या राज्यात दरबाराची भाषा तीच होती. ओळी वाचून कोण देणार हा प्रश्न आला तेव्हा दुकानासमोरच्या मुसलमान घरातले निवृत्त उर्दू मास्तर चष्मा घेऊन आले. त्यांनी आकडा वाचला, १३२६ फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. मग मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, पेशा वाचून झाले. भाच्याने विचारलं, "आईचं नाव?" मास्तरांनी पान खालीवर पाहिलं. रकानाच नव्हता.

या मास्तरांच्या घराबद्दल इथे लिहिलं पाहिजे, कारण पुस्तकातलं एक पान त्यांच्या आजोबांचं आहे. ते आमच्या घरचे नव्हते. तरी त्यांना घरच्यांतच मोजावं असा मोठीमायचा शब्द होता, आणि पान छापायला त्यांच्या घरानेही होकार दिला. १९४८ साली रझाकारांच्या भीतीने आमचं घर हद्दीपलीकडे, सोलापूरकडे निघून गेलं. अप्पांचे थोरले भाऊ तिकडेच तापाने गेले आणि परक्या मातीत त्यांना ठेवावं लागलं. आमच्या दुकानाचं कुलूप त्या महिन्यांत समोरच्या घरातल्या कर्त्या माणसाने सांभाळलं. मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. १३ तारखेला फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. आम्ही परतलो. दुकान होतं तसं होतं, कुलूप सांभाळणारा माणूस मात्र नव्हता. ॲक्शननंतरच्या दिवसांत तो बाहेरगावी गेला आणि परत आलाच नाही.

मुक्तिसंग्रामाचा अभिमान मला आहे. आमच्या शेजारच्या उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मरण पावले, त्यांचे बंधू भाई बन्सीलाल आर्य समाजाच्या कामात आयुष्यभर राबले, ही नावं आम्ही शाळेत भक्तीने शिकलो आणि मी ती पुढे मुलांना भक्तीनेच शिकवली. पण पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या वस्त्यांवर काय गुजरलं हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्याच अखेरीस या भागात फिरली. सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सांगितले. अहमदपूर तेव्हा बिदरात होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मोठीमायला अहवालाची गरज नव्हती. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाहून आम्ही पेढे घेऊन घरी आलो की ती त्यातला एक पेढा समोरच्या घरी पाठवायची, आणि आम्हाला त्याचं कारण कळायचं नाही.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. माणूस गेला म्हणजे लिंगैक्य झाला म्हणतात. त्याला न्हाऊ घालून, विभूती लावून, गळ्यातलं लिंग हातात देऊन बसवतात आणि भजन म्हणत नेतात. मातीतही तो बसलेलाच जातो, बेलाच्या पानांत. जंगम येतात, क्रियासमाधी होते. रात्रभर शिवभजन, मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'तल्या ओव्या. यामुळे आमच्याकडे गेलेल्या माणसाला एक जागा असते. सावकाश सांगते, कारण या पुस्तकाला ते लागू आहे. घराच्या जुन्या समाध्या आमच्या शेताच्या बांधावर होत्या. पुरुषांच्या समाध्यांवर दगडी चौथरे, दोनांवर नंदी. बायकांच्या जागी मातीचे उंचवटे. लहान लेकरांच्या जागी काहीच नाही. औत हाकणाऱ्याला मोठीमाय ओरडून सांगायची, "तिथून नको, तिथं माणसं हाईत." एका वर्षी दुकानाच्या कर्जापायी त्या बाजूचा तुकडा विकला गेला. घेणाऱ्याने चौथरे राखले, तो भला माणूस होता. उंचवटे त्याला दिसले नसतील.

आणि दर तीन-चार वर्षांनी हेळवी यायचा. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. हेळवी म्हणजे वंशावळी सांगणारा. मूळ शब्द कानडी, त्याचा अर्थ लंगडा. बैलावर बसून, घंटा वाजवत, सुगी झाल्यावर तो दारात यायचा. पाटावर बसवून त्याचे पाय धुतले की तो मराठी-कानडी मिसळून अखंड म्हणत जायचा: मूळ गाव कुठलं, तिथून कोण उठलं, कुठे बसलं, त्याला पोरं किती. मी लहानपणी खांबाला टेकून ते ऐकलं आहे. अंगावर काटा यायचा. आपण इतके जुने आहोत हे तेव्हा पहिल्यांदा कळायचं. ज्याला मुलीच झाल्या त्याच्यापाशी येऊन तो थांबायचा आणि म्हणायचा, "इथं वेल खुंटला." पाच मुलींचा बाप असला तरी वेल खुंटलेलाच. मोठीमाय त्याला सूपभर ज्वारी घालायची आणि तो जाईपर्यंत काही बोलायची नाही. भाच्याने त्याच हेळव्याच्या नातवाला गाठलं. तो आता बैलावर फिरत नाही, मोटारसायकलवर येतो. त्याच्या वहीतून आठ पिढ्यांचे पुरुष मिळाले. या पुस्तकाच्या मागच्या आखणीतला अर्धा सांगाडा त्याचाच आहे आणि त्याचं ऋण मोठं आहे. बायका मात्र तिथेही नव्हत्या.

मग त्या होत्या कुठे? या पुस्तकाने मला जे शिकवलं ते इथे आहे, म्हणून थोडं थांबते.

बाई आमच्या घरात आली की तिचं माहेरचं नाव तांदळात मिटायचं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव काढायचं आणि तांदूळ पुन्हा सारखे करायचे. त्या नव्या नावानेही तिला कुणी हाक मारत नसे. ती हाळीवाली, किनगाववाली, किंवा अमक्याची आई. नवऱ्याने तिचं नाव घ्यायचं नाही, तिने नवऱ्याचं घ्यायचं ते उखाण्यात. सातबाऱ्यावर ती नाही, १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात ती नाही, दुकानाच्या खतावणीत नाही. जमीन बायकोच्या नावावर करा म्हणणारी शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीची हाक आमच्या तालुक्यात पोचली होती, आमच्या घरात पोचली नाही. आत्यांची नावं शोधताना भाच्याला ती सगळी एका जागी, स्वच्छ टाइप केलेली मिळाली, ती हक्कसोडपत्रावर. बाप मेला, वारसनोंद लावायची, बहिणींनी हक्क सोडायचा. तेव्हा तालुक्याच्या कचेरीत त्यांना पूर्ण नावाने, वयासह, सध्याच्या पत्त्यासह बोलावलं जातं. आमच्या घरातल्या मुलींचं संपूर्ण नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा उमटलं ते घरावरचा हक्क सोडताना.

त्यातल्या एका कागदावर माझीही सही आहे. अण्णा गेल्यावर मी ती केली. "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" असं त्यात लिहिलेलं असतं आणि माझ्याबाबतीत ते खरं होतं. भावांनी मला कधी परकं केलं नाही. तरी तो कागद भाच्याने वहीतून काढून समोर ठेवला तेव्हा मला पणजी आठवली. मी निदान सही करून बाहेर पडले.

भांड्यांची गोष्ट काकूमुळे निघाली. माझ्या धाकट्या काकांची दोन लग्नं. पहिली काकी १९७२ च्या दुष्काळात बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. गावाबाहेर खडी फोडायचं काम सुरू होतं, सुकडी वाटत होते, दुकानात उधारीशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. सुईण होती, पण रक्त थांबेना. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं. दोन वर्षांनी काका पुन्हा बोहल्यावर चढले. नव्या काकूच्या गळ्यात सवतीचा चांदीचा टाक आला. आमच्याकडे पुष्कळ घरांत ती रीत होती. पहिलीचं सासरचं नाव आम्हाला माहीत होतं, पण त्या लग्नानंतर ते घरात कुणी उच्चारलं नाही. माहेरचं तर कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती टाक होऊन राहिली.

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी गुंड आहे. पाण्याचा, चांगला जाड, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. जुन्या वाचकांना सांगायला नको: लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. बाजारात छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस अक्षरागणिक पैसे घ्यायचा. "चि. सौ. कां." अशी सुरुवात, मग मुलीचं नाव, मग कुणाकडून, कधी तारीख. आमच्या गुंडावर जे नाव होतं ते आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. दुष्काळात लोक दुकानात भांडी गहाण टाकत. त्यातलाच हा सोडवायचा राहिला, असं आम्ही सगळे पन्नास वर्षं समजत होतो. अण्णांना त्याची टोचणीही होती. कुणाचा तरी गुंड आपल्याकडे राहिला म्हणायचे.

भाच्याने वहीसाठी पहिल्या काकीचं माहेर शोधलं. तिचा धाकटा भाऊ भेटला, आता तोही पंच्याहत्तरीचा. त्याने बहिणीचं नाव सांगितलं. भाच्याने ते वहीत लिहिलं आणि घरी येऊन सहज काकूला वाचून दाखवलं. काकू उठली. स्वयंपाकघरात गेली. गुंड ओटीवर आणून ठेवला, काठावर रांगोळी चोळली आणि म्हणाली, "वाच."

मी तिथे नव्हते, हे मला फोनवर कळलं. पण त्या रांगोळीतून वर आलेली अक्षरं मी नंतर बोटांनी चाचपून पाहिली आहेत. पन्नास वर्षं त्या गुंडातलं पाणी आम्ही प्यालो. ती आमच्यात होती, नावानिशी होती, आणि आम्ही तिला गहाणातली समजलो. काकूने एकच सांगितलं: पुस्तकात माझ्या आधी तिचं पान घाला. तसं घातलं आहे.

त्यानंतर घरातलं प्रत्येक भांडं उलटून पाहिलं गेलं. मावशांकडची, चुलत घरची, फडताळातली, अडगळीतली. परातीच्या मागे, तांब्याच्या गळ्याला, डब्याच्या झाकणाच्या आत. त्यातून सात बायकांची माहेरची नावं मिळाली. तीन लग्नांच्या तारखा मिळाल्या. एका मामाचं नाव मिळालं ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि त्यावरून एक अख्खं माहेर सापडलं. सरकारी दफ्तरांत महिनोन्‌महिने खेटे घालून जे झालं नाही ते बोहारणीच्या टोपलीतून वाचलेल्या पितळेने केलं. किती पितळ मोडीत गेलं असेल याचा विचार करवत नाही. स्टील आलं तेव्हा आम्हीच हौसेने दिलं.

आत्याबद्दल लिहायचं आहे आणि लिहवत नाही, पण प्रस्तावनेत तिला टाळणं बरोबर नाही. अण्णांची ही बहीण औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला दिली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडामातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा भार. ती घरं ऊन थोपवायला बांधलेली होती, हादरा सोसायला नाही. बावन्न गावं भुईसपाट झाली, जवळपास आठ हजार माणसं गेली. इतक्या लांब अहमदपुरातही आमच्या फळीवरचे डबे खाली आले. अण्णा दुसऱ्या दिवशी तिकडे पोचले. पाऊस लागला होता. प्रेतं इतकी होती की सरणं सामुदायिक रचावी लागली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मातीत बसल्या त्यांना त्या दिवशी अग्नी मिळाला, दुसरा इलाज नव्हता. अण्णांनी घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की सगळं नीट झालं.

मोठीमाय त्यानंतर तीन वर्षं जगली. मन मधूनच उतरलं की ती अण्णांना हाक मारून विचारायची, "तिला बसवलं का रे?" अण्णा म्हणायचे, "बसवलं, माय." ते खोटं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, तिलाही असावं. या पुस्तकात आत्याच्या पानावर खरं तेच छापलं आहे. भाच्याने मला विचारून छापलं. आणि मी हो म्हटलं, कारण विचारणारी आता नाही.

कोरोनातल्या दोन मरणांवरची पानं छोटी आहेत. जखम ओली असताना घरचे जेवढं बोलले तेवढंच घेतलं. एक गोष्ट मात्र नोंदवते. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० रोजी लिंगैक्य झाले, वयाची शंभरी ओलांडून. कपिलधारची पायी वारी, परमरहस्याची पारायणं यांमुळे ते आमच्याच काय, आसपासच्या कित्येक तालुक्यांच्या घरांत घरच्यासारखे होते. गावातल्या भक्तिस्थळावर त्यांची समाधी आहे. आता आमच्या घरात चुलत भावाचं मरण सांगताना कुणी तारीख सांगत नाही. "महाराज गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात," असं म्हणतात. नवं पंचांग तयार झालं आहे. दाखले सगळे असूनही.

पुस्तकाच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. एकाच मरणाच्या दोन-तीन हकिगती आल्या तर भाच्याने त्यांतली 'खरी' निवडली नाही. ज्याने जी सांगितली ती त्याच्या नावावर तशीच ठेवली. याला काहींनी नावं ठेवली. मी त्याला म्हइंभटांची आठवण करून दिली. सातशे वर्षांपूर्वी चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना म्हइंभटांनी ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन ती विचारली होती. पुढे पोथ्या हरवल्या तेव्हा पाठ असलेल्या माणसांच्या बळावर लीळाचरित्र पुन्हा उभं राहिलं, आणि त्यात हिराइसा नावाच्या बाईच्या पाठाला मान आहे. मराठी गद्याचा आरंभच गेलेल्या माणसाबद्दल विचारत फिरण्यातून झाला. आमच्या भाच्याची दोनशे पानी वही त्या वाटेवरची आहे, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

घरात २०२४ च्या पावसाळ्यात एक मुलगी जन्मली. त्या वर्षीच्या १ मेनंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचा नियम राज्यात झाला आहे. तिच्या कागदावर तो पहिल्यापासून लागेल. पुस्तकातलं शेवटचं पान तिच्या आईने लिहिलं आहे, कुणाच्या मरणाचं नाही, स्वतःच्या आईच्या आईचं नाव कसं शोधलं त्याचं.

पणजीचं नाव मात्र सापडलं नाही. भाचा तिच्यासाठी दोनदा हाळीला गेला, जनावरांच्या बाजारासाठी सगळ्या मराठवाड्याला माहीत असलेल्या हाळी-हंडरगुळीला. जुनी लिंगायत घरं विचारत फिरला. एका घरात बाजेवर पडलेल्या म्हातारीने त्याला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, आमच्या आज्याची एक बहीण राजूरला दिली होती म्हणतात. माहेरपणाला येते म्हणाली आणि साथ आली, आलीच नाही. त्याने नाव विचारलं. म्हातारी बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राजूरवाली म्हणायचे."

ती हीच असेल, नसेलही. पुस्तकाचं पहिलं पान तिचं आहे. 'हाळीवाली' एवढं छापलं आहे आणि त्याच्यापुढे ठिपक्यांची ओळ सोडली आहे. छापखान्याने आधी गुळगुळीत कागद दाखवला होता. तो नको म्हणून सांगितलं, त्यावर शाई पसरते. पेन धरेल असा कागद घेतला आहे.